बिनसलं तर सांगायचं कुणाला?

वीजबिल भरायचं राहून गेलंय आणि गॅसचं बटण उघडंच राहिलंय. साहिल आणि अ‍ॅलेक्स या एकत्र राहणाऱ्या दोन तरुणांच्या संसारात काय बिघडलंय, ते सुधांशू सरिया यांचा ‘लव्ह’ हा चित्रपट एवढ्या दोन गोष्टींतून सांगून टाकतो. (नाव उच्चारायचं ‘लव्ह’च, पण इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची अक्षरं दिग्दर्शकाने मुद्दाम उलटी लावली आहेत.) साहिल संगीतात काम करतो आणि घरातल्या अव्यवस्थेला विटलेला आहे. अ‍ॅलेक्स लाघवी आहे आणि तितकाच बेफिकीर. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर बस्तान बसवलेला जय, साहिलचा जुना मित्र, थोड्या मुक्कामासाठी मुंबईत येतो आणि दोघं महाबळेश्वरला निघतात. सह्याद्रीच्या कड्यावरून चालताना या दोघांमध्ये वर्षानुवर्षं न बोललेलं काहीतरी वर येऊ लागतं, आणि मागे मुंबईत राहिलेला अ‍ॅलेक्स न दिसताही प्रत्येक प्रसंगात हजर असतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनच्या ‘ब्लॅक नाइट्स’ महोत्सवात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. मे २०१७ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. साहिलची भूमिका करणारा ध्रुव गणेश हे पाहायला राहिला नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्षयरोगाने त्याचा मृत्यू झाला. जय झाला आहे शिव पंडित, आणि अ‍ॅलेक्सच्या भूमिकेत आहे सिद्धार्थ मेनन, ज्याला मराठी प्रेक्षक ‘राजवाडे अँड सन्स’मुळे ओळखतात.

या चित्रपटात खलनायक नाही, हे पाहणाऱ्याच्या उशिराच लक्षात येतं. कुणी बाप काठी घेऊन दारात उभा नाही, पोलीस धाड घालत नाहीत, शेजारी कुजबुजत नाहीत. आणि तरीही चित्रीकरण झालं त्या काळात ही माणसं कायद्याच्या लेखी गुन्हेगार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये भारतीय दंड विधानाचं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरतं रद्दबातल ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा ते संबंध गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर काढले. ‘लव्ह’ या पावणेपाच वर्षांच्या खिंडीत सापडलेला चित्रपट आहे. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगणारं कलम डोक्यावर असताना दिग्दर्शकाने त्या कलमाबद्दल चित्रपट काढला नाही. बिल कुणी भरायचं आणि कोण कुणाला गृहीत धरतं, याबद्दल काढला. हा निर्णय मला धाडसाचा वाटतो आणि त्यातून निघणारा प्रश्न त्याहून मोलाचा. समलिंगी जोडप्यांविषयीच्या आपल्या कथा बहुतेक ‘लोक काय म्हणतील’ याभोवती फिरत आल्या आहेत. पण लोकांनी काहीच म्हटलं नाही, आणि दोघांचं आपसातच बिनसलं, तर पुढे काय? माझं म्हणणं असं की अशा जोडप्याला आपण माणसांत घेतलं की नाही, याची खरी परीक्षा त्यांच्या प्रेमाकडे पाहताना होत नाही. ती त्यांच्या भांडणाकडे पाहताना होते, कारण नातं मोडताना समाजाची जी मदत लागते ती त्यांच्यासाठी आपण अजून उभीच केलेली नाही.

मराठीला हा विषय नवा नाही, एवढं आधी मान्य केलं पाहिजे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा देव उभी केली. मित्रा आणि नमा यांचं नातं उमलतं, नमाचं मन डळमळतं, तिच्या आयुष्यात मन्या दळवी येतो, आणि मित्रा एकटी पडत पडत संपते. या साऱ्याचा साक्षीदार आहे बापू. त्याचं मित्रावर प्रेम आहे, तिच्यासाठी तो धावाधाव करतो, पण तिच्या दुःखाचं नेमकं करायचं काय, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. त्या नाटकाची चर्चा अनेक वर्षं ‘धाडसी विषय’ म्हणून होत राहिली. खरं तर त्यात एक अगदी जुनी गोष्ट आहे: दोघांपैकी एकाचं मन निघालं आणि दुसऱ्याला ते सोसवलं नाही. ही गोष्ट स्त्री-पुरुषांची असती तर गावात तिची वाच्यता झाली असती आणि कुणी ना कुणी मध्ये पडलं असतं. मित्राच्या बाबतीत वाच्यता झाली ती बदनामीच्या रूपात, आणि मध्ये पडायला होता तो एकटा गोंधळलेला बापू.

सचिन कुंडलकरांच्या २००६ मधल्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत तर या फरकाचा जणू प्रयोगच मांडला आहे. एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाडेकरू येतो. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही एकमेकांना कळू न देता त्याच्यात गुंततात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, काही काळाने एकटीच परत येते, आणि घर हादरतं. आईवडील तिच्यावर चिडतात, तिच्यासाठी झुरतात, तिला सावरण्यासाठी उपचार शोधतात; नातेवाईक सल्ले देतात. त्याच घरात, त्याच माणसाने सोडलेला तनय जेवायला बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही, कारण त्याचं काही गेलंय हेच कुणाला ठाऊक नाही. माणूस तोच, फसवणूक तीच, छप्परही तेच. एकीच्या दुःखाला घरभर जागा मिळाली आणि दुसऱ्याच्या दुःखाला कोपराही मिळाला नाही. अनुजाच्या वाट्याला आलेली ती काळजी गुदमरवणारीही आहे, हे कादंबरी लपवत नाही. तरीही निदान भांडायला तरी तिच्यासमोर कुणीतरी उभं आहे.

आमच्या साताऱ्या-सांगलीकडे नवराबायकोचं पटेनासं झालं की काय होतं, ते आठवून पाहावं. मुलगी माहेरी येऊन राहिली की आठ-पंधरा दिवसांत निरोप जातो. मामा, चुलते, सोयरिक जमवणारा मध्यस्थ आणि गावातली वजनदार चार माणसं अशी बैठक बसते. चूक कुणाची यावर आवाज चढतात, चहा होतो, ‘या खेपेला नांदायला पाठवा’ असं ठरतं किंवा काहीच ठरत नाही. ते नाही जमलं तर पोलिसांचा भरोसा सेल आहे, महिला समुपदेशन केंद्र आहे, कौटुंबिक न्यायालयातला समुपदेशक आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तर तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. परस्पर संमतीने घटस्फोट मागितला तरी कायदा सहसा सहा महिने थांबवतो, न जाणो मन बदललं तर. आणि अगदीच फारकत झाली, तर लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी निघते. स्टीलची टाकी, पितळी पातेली, कपाट, गादी, दागिने. टेम्पो दारात उभा राहतो, दोन्हीकडची माणसं यादीवर खुणा करत भांडी मोजून घेतात. पाहायला हे दृश्य क्रूर असतं. पण त्याचं एक काम असतं: चारचौघांसमोर सुरू झालेलं नातं चारचौघांसमोर संपलं, अशी नोंद होते. त्यानंतर त्या दोघांना पुढे जायला वाट मोकळी होते.

आता याच जागी दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया ठेवून पाहा. भाड्याचा करार एकाच्या नावावर, गॅसचं कनेक्शन दुसऱ्याच्या, अनामत रक्कम दोघांनी मिळून भरलेली, मिक्सर आणि कपाट कुणी घेतलं याची नोंद नाही. बिनसल्यावर एकाने बॅग भरली की झालं. ज्याचं नाव करारावर नाही तो रात्रीत बेघर होऊ शकतो, आणि त्याला दाद मागायला जागा नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीला संरक्षण दिलं. पण त्या कायद्यात समलिंगी सहजीवन बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इंद्रा सर्मा खटल्यात नमूद केलं. पोटगी नाही, समुपदेशक नाही, थांबायला लावणारे सहा महिने नाहीत. ‘लव्ह’मधला साहिल अ‍ॅलेक्सला सोडावं की नाही याचा विचार करतो तेव्हा तो ज्याच्याशी बोलतो तो जय स्वतःच त्या नात्यातला तिसरा कोन आहे. दुसरं माणूस त्याच्याजवळ नाही. हा पटकथेतला दोष नसून निरीक्षण आहे, असं मला वाटतं.

महाबळेश्वरची निवड इथे अर्थपूर्ण ठरते. मराठी घरात महाबळेश्वर म्हणजे मधुचंद्र. वेण्णा लेकवरची होडी, स्ट्रॉबेरी-क्रीम आणि पॉइंटवर काढलेला जोडीचा फोटो. लग्न न झालेलं स्त्री-पुरुषांचं जोडपं तिथल्या काउंटरवर उभं राहिलं तर व्यवस्थापकाच्या भुवया वर जातात, ओळखपत्रावरची आडनावं ताडून पाहिली जातात. दोन पुरुषांनी मात्र एक खोली मागितली तर कुणाला काही वाटत नाही. मित्र आहेत, फिरायला आलेत. आपल्या समाजात पुरुषांच्या मैत्रीला मिळालेली ही सवलत मोठी आहे आणि अनेक जोडप्यांनी आजवर तिच्याच आडोशाने दिवस काढले. पण आडोशाचं भाडं नंतर भरावं लागतं. ज्यांचं प्रेम मैत्री म्हणून खपलं त्यांची फारकतही ‘दोस्तांचं काहीतरी वाजलं’ म्हणून खपते. दहा वर्षांचा जोडीदार गेलेल्या माणसाला कचेरीत रजा मागताना कारण सापडत नाही, आणि ‘जाऊ दे, दुसरा रूममेट मिळेल’ अशी समजूत ऐकून घ्यावी लागते.

या चित्रपटातला सर्वांत कठीण प्रसंग महाबळेश्वरहून परतल्यावर मुंबईच्या हॉटेलात घडतो. जय साहिलवर बळजबरी करतो. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच माणसाने, बंद खोलीत. त्यानंतर दोघं कपडे करून अ‍ॅलेक्सला भेटायला जेवणाला जातात, आणि साहिल त्या टेबलावर बसतो. अनेकांना हे खटकलं. एवढा गंभीर अपराध झाल्यावर चित्रपट पुढे सरकतोच कसा, असा त्यांचा सवाल आहे. आक्षेप रास्त आहे, पण साहिलने करायचं काय होतं, हे कुणी सांगितलेलं नाही. त्या वेळच्या कलम ३७७ मध्ये संमतीला अर्थच नव्हता, त्यामुळे तक्रार करायला गेलेल्यावरच संशयाची सुई फिरू शकत होती. २०१८ नंतर ते कलम फक्त संमतीविना झालेल्या कृत्यांपुरतं उरलं, म्हणजे पीडित पुरुषाला पहिल्यांदाच एक नीट आधार मिळाला. तोही सहा वर्षांत गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर असं काहीच नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीवर पुरुषाने केलेल्या कृत्यापुरती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा मुद्दा आला, तेव्हा न्यायालयाने केंद्र सरकारला यावर निर्णय घ्यायला सांगितलं. तेव्हा साहिलचं गप्प बसणं हे पात्राच्या दुबळेपणात काढून चालणार नाही. प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी ती शांतता कायद्याच्या पुस्तकातल्या कोऱ्या पानाशी जुळते.

मोडणारी समलिंगी नाती दाखवण्यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या बाजूनेच. ‘अशी नाती टिकत नाहीत’ असं लोक आधीच म्हणतात. त्यात मोडणारी, एकमेकांना दुखावणारी जोडपी दाखवून त्यांच्या हाती कोलीत का द्यायचं? आनंदी, टिकलेली जोडपी दाखवा. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यात एक अट दडलेली आहे: तुम्ही आदर्श असाल तरच तुम्हाला मान्यता. स्त्री-पुरुषांच्या संसाराला अशी अट कधी कुणी घातली? सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संशयकल्लोळ’ लिहिलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेत घरभर धुमाकूळ घालतात, आणि शतकभर मराठी माणूस त्यावर पोट धरून हसत आला आहे. ते पाहून लग्नसंस्था बाद झाली असं कुणी म्हटलं नाही. ‘उंबरठा’ १९८२ मध्ये आला. त्यातली सुलभा घर सोडून निघते तेव्हा प्रेक्षकांनी तिचा नवरा, तिची सासू, तिची महत्त्वाकांक्षा यांवर वाद घातला. ‘स्त्री-पुरुषांचं कधी जमतच नाही’ असा निष्कर्ष काढला नाही. मोडलेलं लग्न हे एका लग्नाबद्दल बोलतं, मोडलेलं समलिंगी नातं मात्र साऱ्या समलिंगी नात्यांबद्दल बोलतं, हा फरक पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे. तो घालवायचा तर अशा कथा एक-दोन असून भागत नाही, पुष्कळ हव्यात.

जगभरच्या सिनेमाने हे आधीच ओळखलं आहे. हाँगकाँगच्या वाँग कार-वाई यांच्या ‘हॅपी टुगेदर’ला १९९७ मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्यातलं हाँगकाँगचं जोडपं अर्जेंटिनात इग्वाझूचा धबधबा पाहायला निघतं, रस्ता चुकतं, भांडतं, आणि ब्युनॉस आयर्सच्या एका कोंदट खोलीत पुनःपुन्हा तुटतं आणि जुळतं. ‘चल, नव्याने सुरुवात करू’ असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने विरघळायचं, हा त्यांचा खेळ कुणाही जोडप्याला ओळखीचा वाटेल. परदेशात असल्यामुळे त्यांच्याभोवती कुणी नातलग नाही, शेजार नाही, मध्ये पडणारं कुणी नाही. म्हणून दोघंच एकमेकांचे डॉक्टर, पहारेकरी आणि छळकर्ते होऊन बसतात. ‘लव्ह’मधला महाबळेश्वरचा रस्ता आणि ब्युनॉस आयर्सची खोली यांत साम्य आहे ते हेच. एकांत प्रेमासाठी हवासा असतो. भांडणासाठी तो घातक असतो.

दुसरा आक्षेप आमच्या भागातून येईल. ही मुंबईच्या पैसेवाल्यांची, इंग्रजी-हिंदी बोलणाऱ्यांची दुखणी. इथल्या माणसाचा त्यांच्याशी काय संबंध? यातला अर्धा भाग खरा आहे. सातारा जिल्हा सिनेमाला नेहमी दुसऱ्यांची गावं पुरवत आला आहे. मेणवलीचा घाट ‘स्वदेस’मध्ये उत्तरेतलं चरणपूर झाला, वाई ‘गंगाजल’मध्ये बिहार झाली आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. ‘लव्ह’मध्ये महाबळेश्वर निदान महाबळेश्वरच आहे, पण तिथे राहणारी माणसं कथेत नाहीत, डोंगर आहेत, धुकं आहे, वाटा आहेत. ही उणीव म्हणून नोंदवलीच पाहिजे. उरलेला अर्धा भाग मात्र चुकीचा आहे. सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था काम करते आहे. तिच्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि पुरुष व तृतीयपंथी वेश्याव्यवसायिकांची ‘मुस्कान’ ही संघटनाही. कृष्णाकाठी ही माणसं आपल्या नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलत आली आहेत. आणि मराठी खेड्यातली अशी गोष्ट मोठ्या पडद्यावर आली तेव्हा तिने जग जिंकलं. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि ज्याच्या मागे घरच्यांनी लग्नाचा लकडा लावला आहे तो बालमित्र बाळ्या, यांची ती कथा. त्यातली आनंदची आई मुलाला ओळखून आहे आणि त्याच्या पाठीशी आहे. ‘साबर बोंडं’ नातं जुळण्याची कथा आहे. आनंद आणि बाळ्यासारखे दोघं दहा वर्षांनी एका खोलीत कसे राहतील, कशावरून भांडतील, आणि तेव्हा ती आई काय करेल, हा चित्रपट अजून मराठीत यायचा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बैठक, मध्यस्थ, चार माणसं या यंत्रणेचं एवढं कौतुक कशाला? याच बैठकांनी मार खाल्लेल्या मुलींना पुन्हा सासरी धाडलं, बाईलाच ‘जरा सोसून घे’ म्हटलं, जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांची ताटातूट केली. त्या जाचातून जी माणसं सुटली आहेत त्यांना परत तिच्यात का ओढायचं? हे सगळं खरं आहे, आणि जुनी बैठक जशीच्या तशी कुणाला हवीही असू नये. पण मध्यस्थी वाईट रीतीने होते म्हणून मध्यस्थीच नको, हा निष्कर्ष निघत नाही. शिवाय ज्यांना कुणीच विचारलं नाही त्यांनी स्वतःची रीत घडवता येते हे दाखवलेलं आहे. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायकांना ना माहेरचं पाठबळ होतं ना पोलिसांचा भरवसा. त्यांनी वस्तीतले तंटे आपल्याच बैठकीत, आपल्याच बायकांपुढे मांडून सोडवण्याची पद्धत बसवली. राज्य सरकारची तंटामुक्त गाव मोहीम २००७ ची. आपले तंटे आपणच मिटवा, हे जे तिने गावाला सांगितलं ते या बायकांच्या वस्तीतही चालतं. फरक एवढाच की इथे न्याय करायला बसणारी स्वतः त्या जगण्यातून गेलेली असते, म्हणून ‘सोसून घे’ हे उत्तर सहज दिलं जात नाही.

कायदा बदलला की सगळं मार्गी लागेल, असंही म्हटलं जातं. कायदा हवाच, पण त्याचा वेग पाहिला पाहिजे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो चक्रवर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्न हा मूलभूत हक्क नसल्याचं सांगितलं आणि समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याचा मार्ग ३ विरुद्ध २ अशा बहुमताने नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. मध्यंतरी २०२४ मध्ये केंद्राने समिती नेमली, संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करायला आडकाठी नाही असं जाहीर केलं, आणि शिधापत्रिकेसाठी अशी जोडपी एकाच घरातली मानावीत असं राज्यांना कळवलं. या सवलती छोट्या नाहीत. पण त्या सगळ्या एकत्र राहण्यासाठी आहेत. वेगळं होण्याबद्दल त्यांत काही नाही. संयुक्त खातं उघडता येतं, भांडण झाल्यावर त्यातली रक्कम कशी वाटायची यासाठी कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढता येत नाही.

अशा वेळी साताऱ्या-सांगलीचा इतिहास उपयोगी पडतो, कारण इथल्या माणसांनी कायद्याची वाट पाहत हात जोडून बसण्याची सवय कधी लावून घेतली नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटजीविना लग्न लावलं. अशा लग्नांच्या वैधतेचा प्रश्न न्यायालयात गेला तो नंतर. देवलांचं ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं आणि म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याविरुद्ध घराघरांत लोकमत तयार करू लागलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला १९२९ मध्ये, तीस वर्षांनी. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग जेव्हा सातारा जिल्ह्यातच होता तेव्हा, १९४३ नंतर, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजी कचेऱ्यांना वळसा घालून न्यायदान मंडळं चालवली आणि हुंड्या-मानपानाशिवाय गांधी विवाह लावले. प्रत्येक वेळी क्रम तोच आहे: आधी कुणीतरी गोष्ट मांडली, मग चार माणसांनी ती आपली मानली, आणि सरकारी शिक्का त्यामागून उमटला.

‘लव्ह’सारख्या चित्रपटाचं मोल मला या क्रमात दिसतं. त्याने पहिलं काम केलं आहे: दोन पुरुषांचं बिनसणं हे बिनसणं म्हणून दाखवलं. त्याला ना आजार ठरवलं, ना सामाजिक समस्या. दुसरं काम पाहणाऱ्यांकडे येतं, आणि त्यासाठी कुठल्याही घटनापीठाची परवानगी लागत नाही. पुतण्याचा ‘मित्र’ अचानक घरी येईनासा झाला तर ‘बरं झालं, सुटला’ असं म्हणण्याआधी त्याला जवळ बसवून काय झालं ते विचारणं, करारावर नाव नसलेल्याला चार दिवस राहायला जागा देणं, मारहाण झाली असेल तर ‘पुरुष असून?’ असं न हसता त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणं, आणि गरज पडली तर दोघांनाही समोर बसवून हिशोब मिटवून देणं. बहीण-मेहुण्याच्या भांडणात हे सगळं आपण न सांगता करतो आणि त्याला नातं सांभाळणं म्हणतो. लग्नाची पत्रिका छापण्याचा हक्क न्यायालय द्यायचं तेव्हा देईल; भांडणात मध्ये पडण्याचा हक्क नातलगांना आजच आहे, आणि तो न वापरण्याला आता ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ ही सबब पुरणार नाही.